पॉइंट नऊ

अण्णांना माझं लॉगबुक, म्हणजे माझ्या विमान उड्डाणांची नोंदवही, वाचायला आवडतं. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकतात, चष्मा चढवतात आणि अजिंक्यताऱ्यावरचे दिवे लागेपर्यंत ओळीओळीवर बोट ठेवत बसतात. एकतीस वर्षं ते सातारा आगारात ड्रायव्हर होते. लॉगशीट भरण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे इंग्रजी फारसं येत नसलं तरी रकाने त्यांना बरोबर कळतात. तारीख, गाडीचा नंबर, कुठून कुठे, किती वेळ, कुणाची सही.

परवा त्यांचं बोट दोन ओळींवर अडलं.

"हे दोन्हीकडं पॉइंट नऊच हाय. इमान पण तेच. मग एका वळीला सही हाय आन् एकीला न्हाय, ते का?"

लॉगबुकात शेकडो ओळी आहेत. त्यांतल्या याच दोन त्यांनी नेमक्या कशा काढल्या, याचं मला नवल वाटलं. गेलं वर्षभर मी स्वतः त्या दोन ओळींपाशी पुन्हा पुन्हा जाते आहे. त्यांना तेव्हा जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

विमानाचा वेळ तास-मिनिटांत लिहीत नाहीत, तासाच्या दहाव्या भागांत लिहितात. पॅनलवर हॉब्ज नावाचं मीटर असतं, ते सहा मिनिटांनी एक आकडा पुढे सरकतं. पॉइंट नऊ म्हणजे चोपन्न मिनिटं. सातारा स्टँडवरून सुटलेली गाडी तेवढ्या वेळात वाईच्या आसपास पोचते.

मी शिकले फ्लोरिडात, एका लहानशा शाळेत. कोरेगावकडचं आमचं वावर त्यासाठी गेलं आणि वर बँकेचं कर्ज आहे. त्यामुळे माझ्या लेखी त्या मीटरचा प्रत्येक आकडा म्हणजे मातीचं एक ढेकूळ होतं. अमेरिकेत कमर्शियल पायलटचं सर्टिफिकेट साध्या मार्गाने घ्यायचं, तर एकूण २५० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून. एकटीने एक लांबचा प्रवास लागतो, किमान ३०० सागरी मैलांचा, तीन ठिकाणी उतरून, आणि त्यातलं एक ठिकाण निघाल्या जागेपासून सरळ रेषेत २५० मैल तरी दूर. रात्रीचे पाच तास लागतात, त्यात नियंत्रण टॉवर असलेल्या विमानतळावर दहा वेळा चढणं-उतरणं. हे सगळं मेहनतीचं असलं तरी समजायला सोपं आहे. मोजत जायचं आणि पुरं करायचं.

खरी गोष्ट आहे ती त्या यादीतल्या आणखी एका ओळीची. दहा तासांचं प्रशिक्षण अशा विमानात हवं, जे कॉम्प्लेक्स आहे, किंवा टर्बाइन इंजिनाचं आहे, किंवा तांत्रिकदृष्ट्या प्रगत आहे. तिन्हींतलं कुठलंही चालतं, सरमिसळही चालते.

कॉम्प्लेक्स म्हणजे काय, हे अण्णांना सांगायला मला फार कमी वेळ लागला. तीन गोष्टी हव्यात: चाकं पोटात घेता आली पाहिजेत, पंखाला फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या झडपा, हव्यात आणि पंख्याच्या पात्यांचा कोन बसल्या जागेवरून बदलता आला पाहिजे. चाकांच्या त्या सगळ्या सांगाड्याला लँडिंग गिअर म्हणतात, हे ऐकून अण्णा जरा थबकले. गिअर म्हणजे त्यांच्या डाव्या हाताखालचा दांडा. पण पात्यांच्या कोनाचं सांगितल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. उड्डाण घेताना पाती हवेला थोडी थोडी कापतात, फेरे जास्त, ओढ जास्त. वर गेल्यावर कोन वाढवायचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त हवा कापली जाते आणि इंजिन निवांत होतं.

"म्हंजी चढाला पहिला, सपाटीला टॉप," अण्णा म्हणाले. "आन् उतरायच्या आधी परत खालचा धरून ठेवायचा. काय सांगावं, परत चढावं लागलं तर?"

अगदी हेच. उतरण्याआधी पाती पुन्हा बारीक कोनाला आणून ठेवायची, कारण उतरणं जमलं नाही तर त्याच क्षणी वर जायचं असतं. हे वाक्य मी पुस्तकात चार वेळा वाचलं होतं. पसरणीचा घाट आयुष्यभर चढलेल्या-उतरलेल्या माणसाला ते एकदाही वाचावं लागलं नाही.

आमच्या शाळेत असं एक विमान होतं, पायपर ॲरो. चार जणांचं, दोनशे अश्वशक्तीचं, रंग उडालेलं. आणि दुसरीकडे तीन नवी सेसना १७२, काचेच्या पडद्यांची. तांत्रिकदृष्ट्या प्रगत ठरायला विमानात वेग, उंची आणि कल दाखवणारा एक इलेक्ट्रॉनिक पडदा लागतो, सरकता नकाशा दाखवणारा दुसरा लागतो आणि दोन अक्षांवर विमान सांभाळणारा ऑटोपायलट लागतो. चाकं मात्र खालीच, कायमची. आत घ्यायची नाहीत, की बाहेर काढायला विसरायची भीती नाही.

पूर्वी हा दुसरा पर्याय नव्हता. कमर्शियलच्या परीक्षेला यायचं, तर चाकं आत जाणारं, नाहीतर टर्बाइनचं विमानच आणावं लागे. २०१८ च्या एप्रिलमध्ये परीक्षेपुरती ही सक्ती गेली, आणि ऑगस्टमध्ये प्रशिक्षणाच्या दहा तासांसाठी पडद्यांची विमानंही चालू लागली. कारण व्यवहाराचं होतं. एका इंजिनाची, चाकं आत घेणारी विमानं शाळांकडे उरली होती थोडी, आणि बहुतेक जुनी. त्यांची देखभाल महाग. आणि पुढे विमान कंपनीत गेल्यावर पायलटच्या समोर जे असतं, ते पडदेच असतात.

त्याच वर्षी ४ एप्रिलला फ्लोरिडातच, डेटोना बीचजवळ, याच परीक्षेसाठी उडालेल्या एका ॲरोचा डावा पंख हवेत निखळला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. पंखाच्या मुख्य तुळईला धातूच्या थकव्याने तडा गेला होता. विमान फार जुनं नव्हतं, पण शाळेचं होतं, म्हणजे दिवसाला कितीतरी वेळा जमिनीवर आपटणारं. पुढे अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने त्या घराण्यातल्या हजारो विमानांच्या तुळईचे बोल्ट काढून, डोळ्यांना न दिसणारा तडा शोधणारी तपासणी सक्तीची केली. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मेन पाटा तुटल्यागत झालं. पाटा आधी सांगत न्हाय गं."

आमच्या ॲरोची ती तपासणी झालेली होती. कागद मी मागून पाहिला, कारण मागायचा हक्क मला आहे हे माझ्या इन्स्ट्रक्टरनीच मला शिकवलं. साठी ओलांडलेले गृहस्थ, पूर्वी शेतांवर औषध फवारणारे पायलट. फार कमी बोलत.

मी दहा तासांची वाटणी केली. चार तास पडद्यांच्या सेसनावर, सहा तास ॲरोवर. सेसनाचे चार तास मी मनापासून घेतले. पडदा म्हणजे सोपं काम, असं म्हणणाऱ्यांनी तो कधी नीट हाताळलेला नसतो. दहा पानं एकमेकांत दडलेली असतात, आणि चुकीचं पान उघडून त्याकडे बघत राहणं हा त्यातला मोठा धोका. पण ॲरोच्या सहा तासांनी माझी सवय बदलली. खटका खाली केला म्हणजे चाकं खाली आली, असं नाही. खटका खाली करायचा आणि मग तीन हिरवे दिवे शोधायचे, नाकाचा, डावा, उजवा. आपण केलं ही एक गोष्ट, झालं ही दुसरी. या दोहोंमधली फट मला ॲरोने दाखवली.

खरं सांगायचं तर ही फट मला लहानपणीच दिसली होती, फक्त तिला नाव नव्हतं. एसटीचे ब्रेक हवेवर चालतात. पहाटे आगारात गाड्या चालू करून ठेवतात, कारण टाकीत हवा भरायला वेळ लागतो. सुट्टीत मी कधीमधी अण्णांबरोबर पहाटेच्या महाबळेश्वर गाडीला जायची. इंजिन धडधडतंय, कंडक्टर घंटी मारून मोकळा झालाय, प्रवासी कुरकुरतायत, आणि अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून काट्याकडे बघत बसलेत. काटा वर आल्याशिवाय गाडी हलायची नाही. आमच्या घरात हा शब्दप्रयोगच पडला होता. दहावीच्या पेपरला निघताना अण्णा विचारायचे, "हवा भरली का?" हॉल तिकीट, पेन, पाणी, सगळं त्या एका प्रश्नात आलं.

आता त्या दोन ओळी.

ॲरोवर इन्स्ट्रक्टरबरोबर ५.१ तास झाले, कॉम्प्लेक्स विमानाची सही मिळाली, आणि शाळेने मला ते एकटीला न्यायची परवानगी दिली. मार्च महिना होता. उतरत्या उन्हात निघाले, किनाऱ्याकडे जाऊन परतले. परतताना सूर्य मागे, अगदी खाली आलेला. अंधारायच्या आत उतरणार होते, तरी सवयीने बाहेरचे आणि पॅनलचे दिवे लावून ठेवले. धावपट्टीला समांतर आले, वेग १२९ नॉटच्या, म्हणजे तासाला १२९ सागरी मैलांच्या, खाली आणला, चाकांचा खटका खाली केला.

दिवे नाहीत. एकही हिरवा नाही.

विमानाचं नाक किंचित हललं होतं, वेग पडला होता, म्हणजे पोटाखाली काहीतरी बाहेर आलं होतं. चाकं अर्धवट असतील तर लागणारा तांबडा दिवाही नव्हता. थ्रॉटल मागे ओढून पाहिलं, चाकं खाली नसल्याचा भोंगा वाजला नाही. सगळ्या खुणा चाकं खाली असल्याच्या, आणि ज्यावर विश्वास ठेवायचा ते तिन्ही दिवे विझलेले. मी उतरले नाही. टॉवरला सांगितलं, वर गेले, बाजूला जाऊन एक मोठी फेरी घेतली. एक दिवा काढून दुसऱ्याच्या जागी लावून बघावा म्हणून हात पुढे केला, तेव्हा माझ्याच सावलीत तो दिवा अगदी मंद, हिरवट दिसला. पॅनलचे दिवे लावले की या विमानात चाकांचे दिवे आपोआप मंद होतात, रात्री डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. उन्हात ते मंद दिवे विझल्यासारखे दिसतात. मी पॅनलच्या दिव्यांचा खटका बंद केला. तिन्ही दिवे हिरवेगार झाले. उतरले. मीटर बघितलं: ०.९.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती भीतीने नव्हे. मी घाई केली नाही, मी खुणा जुळवल्या, मी वर गेले. या दहा तासांत सगळ्यांत जास्त शिकवलं असेल तर त्या चोपन्न मिनिटांनी, असं मला ठाम वाटत होतं. चार अधिक ५.१ अधिक ०.९. दहा पूर्ण. परीक्षेची तारीख ठरली.

परीक्षकांनी विमानाकडे जायच्या आधी लॉगबुक उघडलं. एकेक अट, एकेक ओळ, पेन्सिलीने बेरीज. आणि त्या ओळीशी पेन्सिल थांबली. नियमात शब्द आहे प्रशिक्षण. प्रशिक्षण म्हणजे अधिकृत इन्स्ट्रक्टरने दिलेलं, त्याने लिहून सही केलेलं. एकटीने उडवलेला वेळ माझ्या एकूण तासांत धरला जातो, प्रमुख म्हणून केलेल्या तासांत धरला जातो, पण या दहांत नाही. माझे दहा म्हणजे ९.१ होते. परीक्षा सुरूच झाली नाही.

चूक माझी होती आणि इन्स्ट्रक्टरचीही. अर्जावर सही करण्याआधी दोघांनीही बेरीज करायला हवी होती. पण तेव्हा मला चुकीपेक्षा अन्याय जास्त जाणवला. ज्या चोपन्न मिनिटांत मी पायलट झाले असं मला वाटत होतं, तीच कागदावर शून्य. आणि आता तेवढीच मिनिटं पुन्हा विकत घ्यायची. वावराची ढेकळं डोळ्यांसमोर आली. इथे फोन केला तेव्हा आई म्हणाली, "होऊ दे, देवाला काळजी." अण्णांनी फक्त विचारलं, विमान नीट आहे ना.

तीन दिवसांनी इन्स्ट्रक्टरबरोबर तेच ॲरो, भर दुपारी. मी विमान घेऊन निघाले तेव्हा मनात होतं की आता फक्त मीटर फिरवायचं. धावपट्टीला समांतर आले, खटका खाली केला, आणि दिवे नाहीत. मी जवळजवळ हसले. त्यांनी माझं लक्ष नसताना पॅनलचे दिवे लावले होते. माझ्या एकटीच्या उड्डाणाची हकीकत मीच त्यांना सांगितली होती. मी खटक्यावर हात नेला, पॅनलचे दिवे बंद केले, तीन हिरवे. फार तर पंधरा सेकंद.

त्यांनी काही न बोलता बोट उंचीच्या काट्यावर ठेवलं. ठरलेल्या उंचीपेक्षा मी १८० फूट खाली होते. मग बोट वेगावर. बारा नॉट कमी. मग काचेबाहेर: आमच्या पुढे एक लहान विमान धावपट्टीकडे वळत होतं. मी ते पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी मला १९७२ ची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडून ऐकलेली ती सगळ्यांत लांब गोष्ट. डिसेंबरची २९ तारीख, रात्र, न्यूयॉर्कहून मायामीला येणारं ट्रायस्टार विमान. चाकं बाहेर काढली, पण नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. विमान २००० फुटांवर ऑटोपायलटला दिलं आणि कॉकपिटमधली सगळी माणसं त्या दिव्यामागे लागली. कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता, ऑटोपायलटची उंचीची पकड सुटली. विमान हळूहळू, कुणालाही जाणवणार नाही इतकं हळू, खाली येत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत उतरलं. सुमारे शंभर माणसं गेली. नंतर कळलं, चाक खालीच होतं. फक्त दिवा गेला होता.

"तू एकटी होतीस त्या दिवशी," ते म्हणाले, "तेव्हा तुझी उंची किती होती?"

मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. त्या उड्डाणातले तीन दिवे, भोंगा, माझी सावली, सगळं मला लख्ख आठवतं. उंचीचा काटा आठवत नाही, कारण मी तो पाहिला नव्हता. दिवा सापडला म्हणून मी ते उड्डाण जिंकलेलं समजत होते. काय हरता हरता राहिलं, ते बघायला त्या दिवशी शेजारी कुणी नव्हतं.

उरलेल्या वेळात त्यांनी मला तेच चार वेळा करायला लावलं. आधी उंची, वेग, बाहेरची नजर. मग दिवा. दिवा थांबतो, म्हणाले. विमान थांबत नाही. उतरलो तेव्हा मीटर ०.९ दाखवत होतं. त्यांनी ओळ लिहिली, सही केली. पुढच्या आठवड्यात परीक्षा झाली, तीही पडद्यांच्या सेसनावर.

तरीही या बाबतीत माझं मत पक्कं आहे. नियम बदलला ते बरं झालं. पंख निखळू शकेल अशा विमानात केवळ अट आहे म्हणून कुणाला बसवू नये. पण चांगलं राखलेलं, तपासलेलं, चाकं आत जाणारं विमान हाताशी असेल, तर आपल्या पोरांनी ते सोडू नये. महाग पडलं तरी. पडद्याचं विमान बरंच काही स्वतः बघतं आणि आपल्याला सांगतं. चाकं आत जाणाऱ्या जुन्या विमानात हे दोन्ही आपल्यालाच करावं लागतं. आता आपल्याकडची कितीतरी मुलं बाहेर शिकायला जातात. आमच्या कराडच्या धावपट्टीवर, कोयनेच्या धरणाच्या काळात बांधलेल्या, मी लहानपणी तारेच्या कुंपणाला नाक लावून उभी राहायची. तशी उभी राहणारी मुलं आजही असणार. त्यांनी खर्चाची यादी करताना या दहा तासांचे पैसे एकदम वाचवायच्या रकान्यात टाकू नयेत, एवढंच मला कळवळून सांगायचं आहे. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री बेरीज दोनदा करावी, सहीच्या ओळी वेगळ्या काढून.

भारतातलं लायसन्स अजून बाकी आहे. इथे एकूण २०० तास लागतात, ते माझ्याकडे आहेत. पण परदेशात शिकलेल्यांनाही इथले पेपर द्यावे लागतात आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. माझा नियमांचा पेपर मुंबईला होता, त्यासाठी काल सकाळी साडेपाचच्या गाडीने निघाले.

अण्णा स्टँडवर सोडायला आले. गाडी फलाटाला लागली होती, इंजिन चालू होतं. ड्रायव्हर तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. कंडक्टरने घंटी मारली, तरी गाडी हलेना. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते, तिथून त्याच्या खांद्यावरून मला काटा दिसत होता. खाली फलाटावर अण्णा टाचा उंच करून, काचेतून, तिकडेच बघत होते. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

काटा वर आला. अण्णांनी मान हलवली आणि गाडी निघाली.